शेतात गोठा, गोदाम किंवा घर बांधताना लागणाऱ्या परवानग्या

शेतात गोठा बांधायचा असतो, कांदाचाळ उभी करायची असते, राखणीसाठी दोन खोल्या काढायच्या असतात. गवंडी ठरतो, विटांचा ट्रक येतो, पाया भरला जातो आणि मग कोणीतरी विचारते, "परवानगी घेतली का?" बहुतेक वेळा उत्तर असते, "जमीन आपलीच आहे, परवानगी कशाला?" काही बांधकामांच्या बाबतीत हे उत्तर बऱ्याच अंशी बरोबर असते. काहींच्या बाबतीत मात्र त्याची किंमत नोटीस, दंड, अडकलेले अनुदान किंवा नाकारलेले कर्ज या रूपाने मोजावी लागते. महाराष्ट्रातील शेतजमिनीवर कोणत्या बांधकामासाठी कोणाची परवानगी लागते, कागदपत्रे कोणती आणि अर्जाचा क्रम काय ठेवावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

आधी दोन प्रश्न विचारा

परवानगीचा सगळा गुंता दोन प्रश्नांनी सुटतो.

१. बांधकामाचा वापर कशासाठी होणार आहे? शेतीसाठी की शेतीबाहेरच्या कामासाठी?
२. जमीन कोणत्या हद्दीत आहे? गावठाणात, गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेत, की नगरपालिका, महापालिका किंवा विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात?

पहिला प्रश्न महसूल कायद्याचा आहे. त्यावरून अकृषिक, म्हणजे बोलीभाषेतील 'एन.ए.', लागेल की नाही ते ठरते. दुसरा प्रश्न नगररचना कायद्याचा आहे. त्यावरून बांधकाम परवानगी कोण देणार ते ठरते. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. एन.ए. लागत नाही म्हणून बांधकाम परवानगीही लागत नाही, असा अर्थ काढू नका. सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

महसूल कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतावरील इमारतीची व्याख्या दिलेली आहे. शेतीसाठी धारण केलेल्या जमिनीवर पुढील कामांसाठी उभे केलेले बांधकाम तिच्यात येते:

- शेतीची अवजारे, खत किंवा चारा ठेवणे
- शेतमाल साठवणे
- गुरांना निवारा देणे
- जमीनधारकाचे कुटुंबीय, नोकर किंवा कुळे यांना राहणे
- जमीन कसण्याच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेले अन्य काम

संहितेच्या कलम ४१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतात अशा इमारती बांधण्याचा, विहीर किंवा तळे खोदण्याचा आणि जमीन सुधारण्याचा हक्क आहे. त्यासाठी जमिनीचा वापर बदलावा लागत नाही. म्हणूनच गोठा, अवजारांची शेड, स्वतःच्या मालाचे गोदाम यांच्यासाठी एन.ए. करण्याची गरज नसते.

याच कलमात एक महत्त्वाचा अपवाद आहे. मोठ्या शहरांच्या हद्दीत आणि त्यांच्या भोवतालच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यात शेतावरील इमारत बांधण्यापूर्वी किंवा तिची पुनर्बांधणी व वाढ करण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. तिथे धारण क्षेत्र ०.४ हेक्टरपेक्षा (४० आर, म्हणजे जवळपास एक एकर) कमी असेल, तर ही परवानगी देता येत नाही. राहण्यासाठीच्या बांधकामाच्या जोत्याच्या क्षेत्रफळावरही मर्यादा आहे. 'फार्महाऊससाठी' म्हणून शहराजवळ पाच-दहा गुंठे विकत घेणाऱ्यांचे घोडे नेमके इथे अडते. शिवाय तुकडेबंदी कायद्याची अट आधीच आडवी आलेली असते. विकणारा काहीही सांगो, तुकड्यावर फार्महाऊसची परवानगी गृहीत धरून व्यवहार करू नका.

वापर शेतीबाहेर गेला की कलम ४२ लागू होते. हॉटेल, दुकान, भाड्याने द्यायचे गोदाम, गॅरेज, मंगल कार्यालय, विटभट्टी हे शेतीचे वापर नाहीत. परवानगीविना असा वापर केल्यास कलम ४५ नुसार दंड होऊ शकतो, अकृषिक आकारणी बसू शकते आणि जमीन पूर्ववत करण्याचा आदेशही निघू शकतो.

गेल्या काही वर्षांत अकृषिक वापराची पद्धत बरीच सोपी झाली आहे. कलम ४२अ ते ४२ड या तरतुदींमुळे विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत ज्या वापरासाठी जमीन दाखवली आहे, त्या वापरासाठी पूर्वीसारखी लांबलचक प्रक्रिया करावी लागत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीच्या निवासी वापरासाठी कलम ४२ड मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. गावालगत घर बांधायचे असेल, तर तहसील कार्यालयात याच कलमाचे नाव घेऊन चौकशी करा. त्या वेळी लागू असलेले शुल्क आणि अर्जाचा नमुना तिथेच मिळेल.

जमीन कोणत्या हद्दीत आहे?

*गावठाणात.* महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार बांधकाम किंवा पुनर्बांधकाम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीची परवानगी लागते. अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्यावा आणि पोच घ्यावी.

*गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात.* महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १८ नुसार इथे विकासकाम करण्यापूर्वी परवानगी लागते. ती जिल्हाधिकारी कार्यालयाकडून, नगररचना विभागाच्या अभिप्रायाने मिळते. गावठाणाबाहेरच्या शेतातील बांधकामाला केवळ ग्रामपंचायतीचा ठराव किंवा 'ना हरकत' पुरेशी नसते.

*नगरपंचायत, नगरपालिका, महापालिका किंवा विकास प्राधिकरणाच्या हद्दीत.* इथे त्या संस्थेकडून कलम ४४ खाली अर्ज करून प्रारंभ प्रमाणपत्र घ्यावे लागते. पुणे, नाशिक, नागपूर या शहरांभोवतीची अनेक गावे ग्रामपंचायतीची असूनही महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात आहेत. गावात सरपंच आहे म्हणून बांधकाम परवानगीही ग्रामपंचायतच देते, असे समजू नका.

डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागाला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबई महापालिकेसह काही क्षेत्रे तिच्या बाहेर आहेत. शेती विभागात, म्हणजे नकाशावर हिरव्या दाखवलेल्या पट्ट्यात, कोणते बांधकाम चालते, किती चालते आणि रस्ता किती रुंद हवा, हे या नियमावलीत दिलेले आहे.

नगररचना कायद्यानेही शेतकऱ्याला काही सवलती दिल्या आहेत. शेतीच्या नेहमीच्या कामाचा भाग म्हणून केलेले खोदकाम, विहीर आणि केवळ शेतात जाण्यासाठी केलेला रस्ता यांना कलम ४३ नुसार विकास परवानगी लागत नाही. इमारतीचे बाह्यस्वरूप न बदलणारी किरकोळ दुरुस्तीही यातच मोडते. गोठ्याचे फुटलेले पत्रे बदलायला परवानगीची गरज नाही. त्याच गोठ्यावर स्लॅब टाकून मजला चढवायचा असेल, तर मात्र लागते.

कोणत्या बांधकामाला काय लागते?

*गुरांचा गोठा, चाऱ्याची शेड, अवजारांची खोली.* वापर शेतीचाच असल्याने एन.ए. लागत नाही. योजना क्षेत्रात असाल, तर बांधकाम परवानगीची चौकशी करा. रोजगार हमी योजनेतून गोठा घेणार असाल, तर पंचायत समितीची प्रशासकीय व तांत्रिक मान्यता मिळाल्याशिवाय काम सुरू करू नका.

*कांदाचाळ, स्वतःच्या मालाचे गोदाम.* शेतमाल साठवणे हा व्याख्येतच बसणारा वापर आहे. अनुदान हवे असेल, तर महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून कृषी विभागाची पूर्वसंमती येईपर्यंत थांबा. पूर्वसंमतीआधी उभारलेली चाळ अनुदानाला पात्र ठरत नाही. चाळीचा आराखडा आणि मापेही योजनेत दिल्याप्रमाणेच ठेवावी लागतात.

*व्यापाऱ्याला भाड्याने द्यायचे गोदाम.* इमारत तीच, पत्रे तेच. वापर मात्र व्यावसायिक झाला. स्वतःच्या मालासाठी म्हणून बांधायचे आणि नंतर सिमेंटच्या पोत्यांसाठी भाड्याने द्यायचे, असे केल्यास कलम ४२ व ४५ लागू होतात.

*पॉलिहाऊस, शेडनेटगृह.* ही पीक घेण्याची व्यवस्था आहे. जमिनीचा वापर शेतीचाच राहतो, म्हणून अकृषिक परवानगीचा प्रश्न येत नाही. अनुदानासाठी पूर्वसंमती आणि वीजवाहिनीपासूनचे अंतर या दोन गोष्टी मात्र आधी पाहाव्यात.

*शेततळे, विहीर, सपाटीकरण.* शेतीच्या कामासाठी खोदाई करता येते. पण निघालेला मुरूम किंवा माती परवान्याविना विकली, तर तो गौण खनिजाचा मामला होतो. संहितेच्या कलम ४८(७) नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. निघालेली माती आपल्याच शेतात पसरवा. बाहेर द्यायची असेल, तर आधी तहसीलदारांचा परवाना घ्या.

*राहण्यासाठी शेतघर.* जमीनधारकाचे कुटुंब किंवा सालगडी राहत असेल, तर ते शेतावरील इमारतीत येते. शहराभोवतीच्या पट्ट्यात कलम ४१ ची परवानगी आणि योजना क्षेत्रात बांधकाम परवानगी, अशा दोन्ही लागतात. जमीन प्रत्यक्ष कसली जात आहे की नाही, हेही पाहिले जाते. पीकपाहणीत वर्षानुवर्षे पड असलेल्या जमिनीवरच्या 'शेतघरा'ला अडचण येते.

*डाळ मिल, तेलघाणा, प्रक्रिया युनिट, शीतगृह.* स्वतःचा माल साठवणे आणि व्यवसाय म्हणून इतरांच्या मालावर प्रक्रिया करणे यांत कायद्याने फरक आहे. औद्योगिक वापरासाठी संहितेत कलम ४४अ ची वेगळी, सोपी तरतूद आहे. जमीन त्या वापराला अनुकूल विभागात असावी लागते आणि वापर सुरू केल्याची माहिती महसूल अधिकाऱ्यांना मुदतीत द्यावी लागते. यात अन्नसुरक्षा परवाना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती यांचीही भर पडते.

*व्यावसायिक कुक्कुटपालन.* घरच्या दहा-वीस कोंबड्यांसाठी खुराडे घालणे वेगळे आणि हजारो पक्ष्यांची शेड उभारणे वेगळे. मोठ्या शेडसाठी वस्ती, पाणवठा आणि रस्ता यांपासूनची अंतरे तसेच प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम पाहावे लागतात. ज्या कंपनीशी करार करणार आहात, तिच्या अटींमध्ये कोणते दाखले मागितले आहेत, ते शेड बांधण्याआधी वाचा.

*कृषी पर्यटन केंद्र.* राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० सालचे आहे. पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी होते. नोंदणीचे प्रमाणपत्र म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, ती वेगळी घ्यावी लागते.

घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे

अनेक शेतकरी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवून म्हणतात, "आमचे घर नोंदलेले आहे." ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. बांधकाम उभे आहे म्हणून त्यावर कर बसला, एवढाच तिचा अर्थ. ते बांधकाम परवानगीने झाले, असे ही नोंद सिद्ध करत नाही. परवानगीविना बांधलेल्या घरावरही कर आकारता येतो.

नावातील सारखेपणामुळे आणखी एक घोळ होतो. ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे तलाठी) मिळणारा ८-अ हा तुमच्या खात्यावरील सर्व जमिनींचा उतारा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा मिळकत कराचा आहे. अर्जात कोणता मागितला आहे, ते नीट वाचा. चुकीचा उतारा जोडल्याने अर्ज त्रुटीत निघतो आणि हंगाम हातचा जातो.

वीजजोडणीचेही तसेच आहे. शेतीपंपाच्या जोडणीवरून दुकान, हॉटेल किंवा भाड्याच्या खोल्यांना वीज दिली, तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर म्हणून लागू वर्गवारीच्या दुप्पट दराने आकारणी होते. नवीन बांधकामासाठी वेगळी जोडणी घ्या.

अंतरे आधी मोजा

परवानगी मिळण्यासारखी जमीन असूनही जागा चुकल्यामुळे प्रकरण नाकारले जाते. पाया आखण्यापूर्वी या चार गोष्टी तपासा.

*रस्ता.* राष्ट्रीय महामार्गालगत मोकळ्या शेती भागात रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा धरली जाते. इमारत रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. दोन्ही रेषांच्या दरम्यान बांधकामावर नियंत्रण असते. राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग यांची अंतरे वेगळी आहेत. त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या उपविभागाकडून लेखी अंतर घ्या. अंतर कुंपणापासून नाही, तर रस्त्याच्या मध्यापासून मोजायचे असते. रस्ता पुढे रुंद होणार असेल, तर आज कडेला बांधलेली शेड उद्या जाणार.

*नदी, ओढा, कालवा.* जलसंपदा विभागाने नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. निळ्या व लाल रेषेच्या दरम्यान निर्बंध आहेत. कृष्णा-पंचगंगा खोऱ्यातील शेतकऱ्यांनी २०१९ चा पूर पाहिला आहे. तिथे गोठा कुठे घालावा, हा प्रश्न परवानगीच्या पलीकडचा, जनावरांच्या जिवाचा आहे.

*वीजवाहिनी.* तारांखाली बांधकाम करू नका. बाजूने लघुदाब आणि ११ केव्ही वाहिनीपासून किमान १.२ मीटर, तर ३३ केव्ही वाहिनीपासून किमान २ मीटर आडवे अंतर लागते. उभे अंतर लघुदाब वाहिनीला २.५ मीटर आणि ३३ केव्हीपर्यंतच्या उच्चदाब वाहिनीला ३.७ मीटर असावे. त्याहून जास्त दाबाच्या वाहिन्यांना अंतर वाढत जाते. कडब्याची गंजी रचताना आणि पत्र्यावर माणूस चढतो तेव्हाची उंचीही हिशेबात धरा.

*समुद्र, खाडी, जंगल.* कोकणात किनारा नियमन क्षेत्राचे आणि महाबळेश्वर, माथेरानसारख्या भागात पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध लागू आहेत. खाडीच्या भरती रेषेजवळची नारळाची वाडीही किनारा नियमन क्षेत्रात असू शकते.

जमिनीचा प्रकार पाहा

सातबाऱ्यावर भूधारणा पद्धती लिहिलेली असते. भोगवटादार वर्ग-१ असेल तर मार्ग सरळ आहे. भोगवटादार वर्ग-२ असेल, तर जमीन कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या शर्तीवर दिली होती ते पाहावे लागते. वापर बदलण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी, आणि अनेकदा नजराणा, लागतो. शर्तभंग झाला, तर जमीन शासनजमा होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. इनाम, वतन, कूळकायद्याने मिळालेली किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असल्यास 'इतर हक्क' हा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

सामाईक खाते असेल, तर सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. तोंडी वाटणीने वीस वर्षे वेगवेगळे कसत असलात, तरी कागदावर जमीन सामाईकच असते. भावाच्या हरकतीने अडकलेले बांधकाम सोडवायला परवानगीपेक्षा जास्त काळ जातो. शक्य असल्यास आधी संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्या.

अर्जाचा क्रम

१. अलीकडचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, ८-अ आणि संबंधित फेरफार काढा.
२. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. जमीन कोणत्या विभागात आहे आणि तिच्यावरून नियोजित रस्ता किंवा आरक्षण जाते का, हे त्यावरून कळते.
३. हद्दीबाबत वाद किंवा शंका असल्यास भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. बांधाला लागून बांधकाम करायचे असेल, तर मोजणी टाळू नका.
४. शेतात जायला कायदेशीर रस्ता आहे का ते पाहा. नसेल, तर बांधावरून रस्त्यासाठी कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. रस्ता नसलेल्या जागेवर बांधकामाची परवानगी सहसा मिळत नाही.
५. परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याकडून स्थळदर्शक नकाशा आणि बांधकामाचा आराखडा करून घ्या.
६. अनुदान किंवा कर्ज घेणार असाल, तर पूर्वसंमती आणि बँकेच्या अटी याच टप्प्यावर पाहा.
७. अर्ज करा. आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्या. ऑनलाइन अर्ज असेल, तर त्याची पावती छापून ठेवा.
८. लेखी परवानगी हातात आल्यावर जोते आखा. मंजूर नकाशाची प्रत बांधकामाच्या जागी ठेवा.

हा क्रम पावसाळ्यात सुरू केला, तर सुगी संपून बांधकामाचे दिवस येतात तेव्हा कागद हातात असतात. दिवाळीनंतर धावपळ सुरू केली, तर पाया उन्हाळ्यात आणि छप्पर वळवाच्या पावसात, अशी गत होते.

एक उदाहरण

समजा, तुमच्याकडे तालुक्याच्या गावापासून जवळ राज्य मार्गालगत दोन एकर जमीन आहे. जमीन प्रादेशिक योजनेतील शेती विभागात आणि भोगवटादार वर्ग-१ आहे. तुम्हाला दहा जनावरांचा गोठा, कांदाचाळ, राहायला दोन खोल्या आणि रस्त्याच्या कडेला रसवंतीसाठी पक्की शेड हवी आहे.

गोठा, चाळ आणि खोल्या शेतावरील इमारतीत बसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी एन.ए. लागत नाही. जागा शहराभोवतीच्या पट्ट्यात येते का, हे तहसील कार्यालयात विचारा. येत असेल तर कलम ४१ ची परवानगी घ्या. प्रादेशिक योजना असल्याने बांधकाम परवानगीसाठी एकच नकाशा काढून तिन्ही बांधकामे त्यात दाखवा. चाळीसाठी पूर्वसंमतीची वाट पाहा. रसवंतीची शेड हा व्यावसायिक वापर आहे आणि ती इमारत रेषेच्या आतही येते, म्हणून ती या नकाशात घालू नका. एका चुकीच्या शेडपायी चारही बांधकामांचे प्रकरण मागे येईल. रसवंतीचा विचार स्वतंत्रपणे, आत सरकवून आणि वापराच्या परवानगीसह करा.

मुदत आणि अपील

नगररचना कायद्याखालील अर्जावर ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मानीव धरण्याची तरतूद आहे. मात्र बांधकाम नियमांशी तंतोतंत जुळत असेल तरच ती लागू होते. नकाशात एक चूक असली, तरी मानीव परवानगीचा आधार जातो. म्हणून मुदत संपल्यावर गप्प बसून काम सुरू करण्याऐवजी लेखी विचारणा करा.

मिळालेली परवानगी एक वर्ष चालते. तेवढ्यात काम सुरू झाले नाही, तर मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करा. दरवर्षी मुदतवाढ मिळते, पण तिलाही कमाल मर्यादा आहे.

परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या, तर नगररचना कायद्याच्या कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येते. तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्या महसुली आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत ६० दिवस आहे. नाकारण्याचे कारण तोंडी ऐकून परत येऊ नका. लेखी आदेश मागा, कारण अपील त्याच कागदावर होते. अधिसूचित सेवा वेळेत मिळाली नाही, तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालीही दाद मागता येते.

बांधकाम आधीच झाले असेल तर

घाबरून कोणाच्या हातावर पैसे ठेवू नका आणि नोटीस घडी करून कपाटातही टाकू नका. नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस आली, तर दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो. अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. महसूल कायद्यातही कलम ४७ नुसार विनापरवाना अकृषिक वापर अटींवर नियमित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. नियमांत बसणारे बांधकाम यातून वाचू शकते. निळ्या पूररेषेतील, इमारत रेषेतील किंवा गायरानावरील बांधकाम मात्र अर्जाने वाचत नाही.

नोटीस आली नसली, तरी कागद पूर्ण करून ठेवणे फायद्याचे आहे. रस्त्यासाठी किंवा प्रकल्पासाठी भूसंपादन झाले, तर जमिनीसोबत इमारत, विहीर आणि झाडे यांचे स्वतंत्र मूल्यांकन होते. परवानगी, मंजूर नकाशा आणि खर्चाच्या पावत्या असलेल्या गोठ्याबद्दल मोबदल्याच्या वेळी वाद कमी होतात. विमा दावा, बँकेचे तारण आणि मुलांमधील वाटणी यांतही हेच कागद उपयोगी पडतात.

कृषी सहायक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी चाळ, शेडनेट किंवा प्रक्रिया युनिटची चौकशी करायला येतो, तेव्हा अनुदानाच्या रकमेआधी जमिनीची हद्द आणि भूधारणा विचारा. सातबाऱ्यावरील वर्ग, प्रादेशिक योजनेतील विभाग, रस्ता आणि वीजवाहिनी या चार बाबी पहिल्याच भेटीत तपासल्या, तर पुढची बरीच प्रकरणे त्रुटीत निघत नाहीत. गावात झोन दाखला कुठे मिळतो, मोजणीला सध्या किती दिवस लागतात आणि कोणते शुल्क चालू आहे, हे एका कागदावर लिहून कार्यालयात लावा. 'एन.ए. लागत नाही' एवढेच सांगून शेतकऱ्याला परत पाठवू नका. बांधकाम परवानगी कोणाकडे मागायची, त्या कार्यालयाचे नावही सांगा.

पाया खोदण्यापूर्वी

- वापर शेतीचा की व्यवसायाचा, हे नक्की ठरले आहे.
- झोन दाखला हातात आहे.
- सातबाऱ्यावरील वर्ग आणि इतर हक्क वाचले आहेत.
- सहहिस्सेदारांची लेखी संमती आहे.
- रस्ता, नदी आणि वीजवाहिनीपासूनची अंतरे मोजली आहेत.
- अनुदानाची पूर्वसंमती आली आहे.
- लेखी परवानगी आणि मंजूर नकाशा मिळाला आहे.

यातील एकही बाब राहिली असेल, तर गवंड्याला आठ दिवस थांबवा. थांबण्याचा खर्च एका मजुरीचा असतो, पाडण्याचा खर्च पूर्ण बांधकामाचा.